रेषा, दाणा आणि शेंदूर

परीक्षणे लिहिणाऱ्या माणसाने आपल्या चुकांची एक वही ठेवावी, असे माझे जुने मत आहे. अशी वही मी स्वतः मात्र कधी ठेवली नाही. तेव्हा ज्या एका चुकीने मला चित्र पाहावयास शिकविले, तिचीच हकीकत आधी सांगतो. म्हणजे पुढे येणारे निवाडे कोणत्या परीक्षकाचे आहेत, हे वाचकांच्या ध्यानात राहील.

काही वर्षांपूर्वी एका जुन्या जपानी चित्रमालिकेच्या डीव्हीडींचा संच माझ्याकडे अभिप्रायासाठी आला. देखणी पेटी, आत सहा तबकड्या, आणि पेटीवर ‘नव्याने स्वच्छ केलेले चित्र’ अशी ग्वाही. मी पहिली तबकडी लावली आणि खरोखरच थक्क झालो. कोठे डाग नाही, ओरखडा नाही, आणि रंग तर आत्ताच दिल्यासारखे ताजे! मी भरघोस स्तुती लिहून मोकळा झालो. त्या दिवाळीत माझी पुतणी घरी आली होती. ती तेव्हा चित्रकला शिकत होती. मी मोठ्या हौसेने तिला संच लावून दाखविला. तिने अर्धाअधिक भाग पाहिला आणि हातातली चकली तशीच ठेवून विचारले, “काका, हिच्या भुवया कुठे गेल्या?”

“आहेत की!” मी म्हणालो.

“आत्ता आहेत. ती मान वळवते तेव्हा बघा.”

मी चित्र मागे नेऊन एकेक चौकट थांबवून पाहिले. मुलीने मान वळविली रे वळविली, की तिच्या भुवया विरघळत होत्या, नाकाची रेघ तुटत होती. मान स्थिर झाली की सारे पुन्हा जागच्या जागी! त्याच मालिकेची एक जुनी, मळकट तबकडी माझ्याकडे होती. ती लावली. चित्रावर वाळू भुरभुरल्यासारखे दिसत होते, मधूनच केसाएवढा तंतू चमकून जात होता. पण मान वळत असतानाही भुवया शाबूत होत्या. स्वच्छता करणाऱ्या यंत्राने हलणारी बारीक रेघ ही घाण समजून पुसून टाकली होती, आणि मी त्या पुसण्याचीच स्तुती छापून बसलो होतो. तो संच कोणी काढला होता, हे सांगण्यात आता अर्थ नाही. चूक त्यांची जेवढी होती तेवढीच माझी होती.

‘अ‍ॅनिमे’ हे नाव आमच्या पिढीच्या काही वाचकांना परके वाटेल. वस्तू मात्र परकी नाही. नव्वदीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर ज्या मोगलीने घरोघरची न्याहारी लांबविली, ती ‘जंगल बुक’ मालिका निप्पॉन अ‍ॅनिमेशन या जपानी संस्थेने १९८९-९० साली काढलेली, ५२ भागांची. नातवंडे ज्याच्यापुढून उठत नाहीत तो डोरेमॉनही जपानीच. तेव्हा ‘असल्या पोरकट गोष्टींच्या चित्राची आणि आवाजाची एवढी चिकित्सा कशाला?’ असे कोणी विचारले, तर माझे उत्तर सरळ आहे. जी गोष्ट मूल शंभर वेळा पाहते, ती नीट दाखविली जाते की नाही, हे पाहण्यासारखे आहे. दुसरे असे की, या कलेत रेषेवाचून दुसरे काही नसते. जिवंत नटाचा चेहरा थोडा धूसर झाला तरी नट उरतो; रेषा पुसली की पात्रच पुसले जाते.

ही चित्रे तयार कशी होत, हे ठाऊक असल्यावाचून त्यांची प्रत जोखता येत नाही. एकविसावे शतक उजाडेपर्यंत बहुतेक काम हातचे असे. कागदावर काढलेले चित्र पारदर्शक पत्र्यावर उतरवीत. त्याला ‘सेल’ म्हणत. पत्र्याच्या मागच्या बाजूने सपाट रंग भरीत, तो पत्रा रंगविलेल्या पार्श्वचित्रावर ठेवीत, आणि वरून कॅमेऱ्याने एकेक चौकट टिपीत. दूरचित्रवाणीच्या मालिकांसाठी बहुधा १६ मिलिमीटरची फिल्म वापरीत, चित्रपटांसाठी ३५ची. फिल्म सेकंदाला २४ चौकटी धावते. परंतु जपानी मालिकांत तेवढी चित्रे काढण्याइतका पैसा आणि वेळ नसे. एकच चित्र दोन किंवा तीन चौकटी धरून ठेवीत; म्हणजे सेकंदाला बारा किंवा आठच चित्रे. पुष्कळदा तर चित्र अगदी स्थिर ठेवून केवळ ओठ हलवीत. या काटकसरीतूनच त्या कलेची एक स्वतंत्र लय निर्माण झाली.

आता पडद्यावर जे ‘मळ’ म्हणून दिसते, त्याचे तीन प्रकार होतात. पहिला कामाचा मळ: सेलवर बसलेली धूळ, रंगात राहिलेला कुंचल्याचा फराटा, पत्र्याची पार्श्वचित्रावर पडलेली पुसट सावली. दुसरा फिल्मचा: तिचा दाणा, तिच्यावरचे ओरखडे, आणि यंत्राच्या दातांवरून सरकताना तिला बसणारा बारीकसा हिसका, ज्याने अख्खे चित्र किंचित डुलते. तिसरा मळ तबकडीचा; तो चित्रकाराने केला नाही, छायाचित्रकाराने केला नाही, तर तबकडी तयार करताना नंतर शिरला. माझे सारे म्हणणे एका वाक्यात सांगायचे तर असे, की परीक्षकाने हे तीन मळ वेगळे ओळखावे; तिसऱ्याला क्षमा करू नये, पहिल्याला हात लावू देऊ नये, आणि दुसऱ्याबाबत प्रत्येक वेळी नव्याने विचार करावा. तीनही एकाच फडक्याने पुसणारा माणूस, मग तो कितीही मोठ्या यंत्रापुढे बसलेला असो, चित्राचा शत्रू होय.

तिसऱ्या मळापासूनच आरंभ करू. जपानी आणि अमेरिकन पद्धतीच्या डीव्हीडीवर चित्र ७२० बाय ४८० ठिपक्यांचे असते. ते साठविण्यासाठी प्रत्येक चौकटीचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतात आणि प्रत्येक चौकोनातली डोळ्याला फारशी न जाणवणारी माहिती टाकून देतात. आकाशाचा सपाट निळा रंग अशा चौकोनात सुखाने मावतो. परंतु शुभ्र गालाशेजारून जाणारी काळी, धारदार रेघ मावत नाही. ती साठवायला फार जागा लागते. जागा दिली नाही, तर रेघेच्या दोन्ही बाजूंना डासांचे थवे घोंगावावेत तशी बारीक वळवळ दिसू लागते, आणि संध्याकाळच्या आकाशात रंग हळूहळू उतरण्याऐवजी त्याच्या पायऱ्या पडतात. रंगाची माहिती तर या पद्धतीत उभ्या-आडव्या दोन्ही दिशांनी निम्म्यानेच ठेवलेली असते. म्हणून मी नवा संच हाती आला की तांबड्या रंगावरची बारीक रेघ आधी शोधतो. तांबडा रंग रेघेबाहेर फुटलेला दिसला, की पुढे काय वाढून ठेवले आहे याची कल्पना येते.

आता पेटीचे अंकगणित पाहा. ते कोणत्याही गृहिणीला पटेल असे आहे. दुपदरी तबकडीत ८.५ गिगाबाइट मावतात. एक भाग सुमारे २५ मिनिटांचा धरला, तर एका तबकडीवर सहा भाग घातल्यास चित्र, आवाज आणि उपशीर्षके सर्व मिळून सेकंदाला सुमारे ७५ लाख बिट वाट्याला येतात. आठ भाग घातल्यास सुमारे ५६ लाख. चोरट्या संचांत २६ भागांची मालिका तीन तबकड्यांत कोंबलेली असे. त्या तबकड्या ४.७ गिगाबाइटच्या एकपदरी असल्या, तर वाट्याला तीस लाखही येत नाहीत. पातेले तेच, माणसे तिप्पट. आमटीत पाणी ओतल्याशिवाय गत्यंतर नाही. म्हणून पेटीच्या मागच्या बाजूला तबकड्या किती आणि भाग किती, एवढे वाचले तरी निम्मे परीक्षण दुकानातच उरकते.

उरलेले निम्मे मात्र डोळ्यांनीच करावे लागते. ‘निऑन जेनेसिस इव्हँगेलियन’ ही १९९५-९६ सालची, हिदेआकी अन्नो यांची २६ भागांची मालिका मी या कामी कसोटीच्या दगडासारखी वापरतो. बाविसाव्या भागात दोन मुली लिफ्टमध्ये उभ्या आहेत. एक पुढे, एक मागे. कोणी बोलत नाही. पाऊण मिनिटाच्या वर चित्र जवळजवळ हलतच नाही. चोविसाव्या भागात याहून लांब असा एक स्थिर प्रसंग आहे. प्रचंड यंत्रमानवाच्या मुठीत एक मुलगा आहे आणि पार्श्वभूमीला बेथोव्हेनची नववी सिंफनी चालू आहे. त्या मुठीने आवळायचे की नाही, याचा निर्णय व्हायचा आहे. पाहणाऱ्याचा श्वास कोंडतो.

अशा स्थिर प्रसंगात पडद्यावर जिवंत असे एकच असते, ते म्हणजे फिल्मचा दाणा. तो अखंड सळसळत असतो, आणि म्हणूनच ‘काळ चालू आहे, माणसे मात्र थांबली आहेत’ हे आपल्याला कळते. यंत्राने दाणा पुसून टाकला तर काय होते? चित्र थिजते. पाहणाऱ्याला वाटते, तबकडी अडकली! मुलींचा अबोला जाऊन यंत्राचा बिघाड तेवढा उरतो. दाणा हा जसा फिल्मचा दोष आहे, तसा तो अशा जागी दिग्दर्शकाचा सहकारीही आहे.

याच मालिकेची जपानमध्ये २००३ साली नव्याने सिद्ध केलेली आवृत्ती निघाली. तीत रंग सुधारले, आवाज नव्याने बांधला, आणि चित्राचे ते डुलणे काढून टाकले. डुलणे काढल्याचे मी प्रथम ऐकले तेव्हा भुवयांची आठवण होऊन मी साशंक झालो होतो. पाहिल्यावर माझे मत बदलले. डुलणे हे यंत्राच्या दातांचे काम. त्याचा रेषेशी संबंध नाही, आणि ते काढताना रेषेला धक्काही लागत नाही. दाण्याचे तसे नाही. दाण्यातच रेषा उमटलेली असते. दाणा ओढून काढू गेले की रेषेचे धागेही त्याबरोबर निघतात. तरीही प्रामाणिकपणे सांगतो, त्या लिफ्टच्या प्रसंगात जुने डुलणे गेल्यामुळे मला क्षणभर चुकल्याचुकल्यासारखे वाटले. सवयीचा दोषही माणसाला प्रिय होतो. परीक्षकाने ही आपली सवय निकालात धरू नये. ती आहे एवढे मान्य मात्र करावे.

याच्या अगदी उलट उदाहरण ‘ड्रॅगन बॉल झी’चे. १९८९ ते १९९६ या काळातली ही २९१ भागांची मालिका जुन्या दूरचित्रवाणीच्या चार बाय तीन आकारात रेखाटलेली आहे. अमेरिकेत २००७ पासून तिचे जे नारिंगी वेष्टनांचे संच निघाले, त्यांत नव्या रुंद पडद्यांना शोभावे म्हणून चित्र सोळा बाय नऊ करण्यात आले. रुंदी तीच ठेवून असे करायचे तर उंचीचा चौथा हिस्सा कापावा लागतो, हे शाळकरी मुलगाही सांगेल. बाजूंनी थोडेसे जास्त मिळाले तरी वरखालची कात्री चुकत नाही. कोणाच्या केसांचे शेंडे गेले, कोणाची हनुवटी गेली. ज्या मालिकेत नायकाचे केस उभे राहणे हीच मोठी घटना आहे, तिथे केसच कापावे, यापरता दैवदुर्विलास कोणता! त्यात रंग भडक केले आणि दाणा घासून काढला. १९६० सालचे एखादे कृष्णधवल कौटुंबिक छायाचित्र नव्या रुंद चौकटीत बसावे म्हणून आजोबांची पगडी कापून टाकण्यातलाच हा प्रकार. जपानमध्ये २००३ साली याच मालिकेचा संच मूळ आकारात निघालेला होता. तेव्हा दुसरा मार्गच नव्हता, असेही म्हणता येत नाही.

येथे मला आपल्याकडच्या शेंदराची आठवण होते. आपल्या कित्येक देवस्थानांत मूर्तीवर पिढ्यान्‌पिढ्या शेंदराचे लेप चढत जातात. लेप चढविणाऱ्याच्या भक्तीविषयी शंका नाही. पण मूर्तिकाराचे नाक-डोळे हळूहळू आत गडप होतात. २०२२ साली वणीच्या सप्तशृंगी गडावर देवीच्या मूर्तीवरचा जुना लेप उतरविण्यात आला, आणि शेंदराआडचे मूळ कोरीव रूप भाविकांना दिसले. कित्येकांना आनंद झाला. आणि लहानपणापासून मनात बसलेले रूप बदलले म्हणून कोणी गोंधळले असेल, तर तेही स्वाभाविकच. नारिंगी संचांचे असेच आहे. ज्या मुलांनी ती मालिका प्रथम तशीच पाहिली, त्यांच्या मनात ती तशीच राहणार. वाईट प्रतीचा खरा अपराध हाच. ती केवळ पैसे फुकट घालवीत नाही, तर मूळ म्हणून एका पिढीच्या आठवणीत जाऊन बसते. पुढे कोणी खरे रूप दाखविले, तर तेच खोटे वाटू लागते.

रंगाच्या बाबतीत ‘खरे’ कोणते, हा प्रश्न सोपा नाही, हेही सांगितले पाहिजे. हायाओ मियाझाकी यांचा ‘स्पिरिटेड अवे’ हा २००१ सालचा चित्रपट पुष्कळांनी पाहिला असेल. आईबाप डुकरे होतात आणि चिहिरो ही लहान मुलगी देवांच्या स्नानगृहात राबून त्यांना सोडविते, अशी ती कथा. २००२ साली जपानमध्ये त्याची डीव्हीडी आली आणि घरोघरी लोक चक्रावले. साऱ्या चित्रावर तांबूस छटा होती. पांढरे ढग गुलाबी, पांढरी भिंत गुलाबी. आपला पडदाच बिघडला, अशी प्रथम पुष्कळांची समजूत झाली. तक्रारी झाल्या, काही ग्राहक न्यायालयातही गेले. निर्मात्यांचे म्हणणे असे, की ही छटा चूक नसून घरच्या पडद्यांचा विचार करून केलेली योजना आहे. पुढे २०१४ साली ब्लू-रे निघाली तेव्हा तो तांबूसपणा नाहीसा झालेला होता.

या वादात मी ग्राहकांच्या बाजूचा आहे, पण थोडा बिचकत. चित्र ज्याने काढले त्याला ते कसे दिसावे हे ठरविण्याचा अधिकार आहे, हे मी कसे नाकारू? परंतु त्याच चित्रपटात स्नानगृहाच्या दिव्यांचा तांबडा उजेड हा कथेचा भाग आहे. आरंभीचा रस्ता साध्या उन्हाचा असेल, तरच रात्री उजळलेल्या त्या तांबड्या जगात पाऊल टाकताना चिहिरोबरोबर आपणही दचकतो. पहिल्या दृश्यापासूनच ढग गुलाबी असतील तर उंबरठा ओलांडल्याचे कळणार कसे? म्हणून माझा निकाल असा, की ती छटा मुद्दाम दिलेली असली तरी कथेला ती मारक आहे. मालकाचा शब्द आणि कलाकृतीची साक्ष यांत विरोध आला, तर परीक्षकाने कलाकृतीची साक्ष घ्यावी.

आता आवाजाकडे वळू. आवाजाचे परीक्षण लोक ‘किती दणदणतो’ यावर करतात. घरातली भांडी वाजली की संच उत्तम! जुन्या मालिकांचा आवाज एका किंवा दोन वाहिन्यांचा असे. पुढे संच विकताना तो पाच दिशांना वाटून, त्यात नवे स्फोट नि नवी घरघर घालून देण्याची टूम निघाली. एखाद्या जागी ते शोभतेही. परंतु ज्या लिफ्टच्या प्रसंगात शांतता हेच संगीत आहे, तेथे मागच्या कर्ण्यांतून काही ना काही गुणगुणत ठेवणे हा अरसिकपणा होय. मी आवाज जोखताना कुजबुज ऐकतो, पावसाची भुरभुर ऐकतो, आणि वाक्य संपल्यानंतरचा सुस्कारा ऐकतो. जपानी पद्धतीत बहुधा चित्र आधी आणि नटांचे बोलणे नंतर मुद्रित होते. त्यामुळे चित्रात जे उरले नाही ते नट श्वासाने भरून काढतात. तो श्वास तबकडीवर उतरला पाहिजे. न दाबलेला दुहेरी आवाज सेकंदाला सुमारे १५ लाख बिट मागतो. दाबलेला पुष्कळदा त्याच्या एकअष्टमांशात उरकतात. दणदणाट दोन्हींत सारखाच ऐकू येतो. फरक पडतो तो सुस्काऱ्यात.

आपल्या देशापुरती आवाजाची आणखी एक गंमत आहे. आपली दूरचित्रवाणी पाल पद्धतीची, सेकंदाला २५ चौकटींची. २४ चौकटींची फिल्म तिच्यासाठी सरसकट थोडी वेगाने पळवीत. शंभर मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांत संपे, आणि आवाज चढे. पांढरी एकमध्ये गाणारा गवई जवळजवळ काळी एकपर्यंत जाऊन पोहोचे! जो कान सुराला पक्का आहे त्याला हे खटकतेच. दुसरी रीत याहून वाईट. जपानी चित्रफितीवरून घाईने पाल प्रत काढताना शेजारच्या दोन चौकटी एकमेकींत मिसळतात आणि धावणाऱ्या पात्रामागे त्याचेच भूत धावताना दिसते. कोठे हलत्या कडेला फणीचे दात दिसतात. ही सारी तिसऱ्या प्रकारची घाण. तिला क्षमा नाही.

‘ड्रॅगन बॉल झी’च्या आवाजाची कथा मात्र मला चटका लावून गेली. त्या जपानी संचावरचा आवाज फिल्मच्या कडेला प्रकाशाने मुद्रित केलेल्या पट्टीवरून घेतलेला, म्हणून दबका आणि कोंदट आहे. उलट प्रक्षेपणाच्या वेळी काही जपानी रसिकांनी घरच्या घरी व्हीएचएसवर जे भाग धरून ठेवले, त्यांवरचा आवाज मोकळा आणि सतेज आहे. शुन्सुके किकुची यांनी या मालिकेला संगीत दिले. डोरेमॉनचे जपानी शीर्षकगीतही त्यांचेच. २०२१ साली ते वारले. त्यांचे वाद्यवृंद अधिक चांगले ऐकायचे तर मालकाच्या पेटीपेक्षा कोणा अनामिकाच्या माळ्यावरच्या फितीकडे जावे लागते! ज्याने ती फीत पुसून तिच्यावर क्रिकेटचा किंवा बेसबॉलचा सामना भरला नाही, त्याचे उपकार कोणी मानायचे?

आपल्या घरातला एक दाखला देतो. ‘रामायण: द लेजंड ऑफ प्रिन्स राम’ हा युगो साको यांचा भारतीय-जपानी चित्रपट नव्वदीच्या आरंभी पुरा झाला, आपले राम मोहन त्याच्या दिग्दर्शनात सहभागी होते आणि संगीत वनराज भाटियांचे. मी तो कित्येक वर्षे एका भिकार तबकडीवरच पाहिला होता. लंकेतल्या रात्री म्हणजे काळे डबके, आणि वानरसेना म्हणजे तपकिरी राळ. त्यावरून ‘चित्रपट ठीक, चित्रे सामान्य’ असे माझे मत झाले होते, आणि मी ते चारचौघांत सांगतही असे. २४ जानेवारी २०२५ रोजी तो नव्याने सिद्ध होऊन आपल्या चित्रपटगृहांत आला. पुतणी मला घेऊन गेली. मी ज्याला राळ म्हणत होतो ती एकेका चेहऱ्याची सेना होती. चित्रे सामान्य नव्हती. माझी तबकडी सामान्य होती. कलावंताच्या नावावर दुसऱ्याचा अपराध मी इतकी वर्षे मांडत आलो होतो.

म्हणून आता मी संच जोखण्यापूर्वी माझे घर जोखतो. दूरचित्रवाणीचा ‘भडक’ रंगक्रम बंद करतो. धार वाढविणारी कळ शून्यावर आणतो, कारण ती रेघेभोवती पांढरी किनार उठविते. आणि चौकटींच्या मध्ये आपल्या मनाने नवी चित्रे घालणारी ती नवी ‘गुळगुळीत’ सोय आधी बंद करतो. चित्रकाराने जे चित्र तीन चौकटी धरून ठेवले, ते यंत्राला कमी वाटावे हा उद्दामपणा झाला! मग मी एक स्थिर प्रसंग पाहतो, एक काळोखाचा, एक पळापळीचा, आणि एक कुजबुजीचा. एवढे चार पाहिले की संचाचे अंतरंग कळते.

डीव्हीडीचा बहर ओसरला आहे, हे मला ठाऊक आहे. आता चित्रे तारेतून घरात येतात, आणि एके दिवशी न सांगता निघूनही जातात. फळीवरची तबकडी मात्र कोणाला विचारून जागा सोडीत नाही. शिवाय २०००नंतरच्या काही वर्षांतल्या कित्येक मालिका संगणकावर याच लहान मापात तयार झाल्या; त्यांच्यासाठी डीव्हीडी हे जवळजवळ मूळ मापच होय. अशा मालिकेची ‘मोठी’ आवृत्ती म्हणजे पुष्कळदा ताणून बसविलेले धोतर. फिल्मवर टिपलेल्या जुन्या मालिकेचे तसे नाही. तिच्यात अजून दिसायचे बाकी आहे. ‘नवी आवृत्ती ती चांगली’ हा नियम नव्हे, आणि ‘जुने ते सोने’ हाही नव्हे. ते चित्र कशावर काढले होते, हे विचारावे.

माझ्या त्या स्तुतिपर परीक्षणाचे कात्रण अजून आहे. परवा ते काढून मी समासात लिहिले: ‘चित्र लख्ख. भुवया नाहीत.’ पुतणीने ते वाचले आणि म्हणाली, “काका, आता परीक्षण पुरं झालं.” या दिवाळीत नातवंडांसाठी एखादा संच घेणार असाल, तर पेटीवरची ग्वाही वाचू नका. मुलीने मान वळविली म्हणजे तिच्या भुवया राहतात का, तेवढे पाहा.